नव्या नर्सला ‘सांभाळून घेणं’ हा चांगुलपणा आहे की कामाचा भाग?

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत झरी लागतं. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. आसपासच्या खेड्यांतल्या माणसांना ताप आला, साप चावला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की आधी हे दार आठवतं. परभणी त्यानंतर.

समजा, याच भागातली एक मुलगी आहे. बारावी झाली, जीएनएमला नंबर लागला, तीन वर्षांचा कोर्स पूर्ण झाला, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली आणि नोकरीची ऑर्डर हातात आली. घरच्यांनी पेढे वाटले. पंधरा दिवसांत तिची पहिली नाईट लागली.

आता तिच्यासमोर दोन शक्यता आहेत. एक, तिची नेमणूक झरीसारख्या एखाद्या आरोग्य केंद्रात झाली आहे. रात्री इमारतीत ती, एखादी मावशी किंवा शिपाई आणि फोनवर डॉक्टर. दुसरी, ती शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आहे. तिथे माणसं भरपूर, पण पेशंट त्याहून भरपूर, आणि प्रत्येक सिस्टर आपापल्या कामात बुडालेली.

दोन्ही ठिकाणी तिच्या मनात एकच प्रश्न असतो. मला काही समजलं नाही तर विचारायचं कुणाला?

जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या परिचारिका आझाद मैदानावर जमल्या आणि १८ जुलैपासून बेमुदत संपावर गेल्या, तेव्हा चर्चा पगारातल्या त्रुटींची, रिक्त पदांची आणि कंत्राटी भरतीची झाली. ती व्हायलाच हवी होती. पण या तिन्ही मागण्या फिरून या मुलीच्या प्रश्नापाशी येतात. कशा, ते बघू.

कॉलेजातला वॉर्ड आणि खरा वॉर्ड

नर्सिंग शिकणाऱ्या मुली वॉर्डात जातातच. मग नोकरीच्या पहिल्या दिवशी एवढं घाबरायला काय होतं?

फरक जबाबदारीचा असतो. विद्यार्थिनी असताना तुमच्यामागे ट्यूटर असते. केसपेपरवर सही दुसऱ्या कुणाची असते. नोकरी लागली की सही तुमची. काल ‘शिकतेय ती’ म्हणून सोडून देणारे नातेवाईक आज तुम्हाला ‘सिस्टर’ म्हणून जाब विचारतात.

शिवाय पुस्तकात प्रत्येक काम पायरीपायरीने असतं. हात धुवा, पेशंटचं नाव विचारा, औषध तपासा, द्या, नोंद करा. वॉर्डात या पाच पायऱ्या चालू असताना तीन नातेवाईक हाक मारतात, एक सलाईन संपत आलेलं असतं, राउंडला डॉक्टर आलेले असतात आणि लॅबमधून फोन वाजत असतो. यातलं आधी काय करायचं, हे पुस्तकात नसतं. ते शेजारी काम करणाऱ्या बाईकडे बघून समजतं.

अमेरिकेतल्या मार्लिन क्रेमर या नर्सिंगच्या अभ्यासक बाईंनी या धक्क्याला १९७४ साली नाव दिलं, ‘रिअ‍ॅलिटी शॉक’. शिकलेलं काम आणि प्रत्यक्ष करावं लागणारं काम यांतल्या अंतरामुळे नव्या नर्सेस हा पेशाच सोडून जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९८० च्या दशकात पॅट्रिशिया बेनर यांनी नर्सच्या वाढीचे पाच टप्पे मांडले. नवशिकी नर्स नियम धरून चालते. निष्णात नर्स पेशंटकडे एक नजर टाकून ओळखते की याचं काहीतरी बिघडतंय. ही नजर परीक्षा देऊन येत नाही. ती अनुभवाने येते, आणि तो अनुभव घेताना पेशंटचा जीव धोक्यात पडू नये म्हणून बाजूला कुणीतरी जाणतं लागतं.

आपल्याकडे सुताराच्या, गवंड्याच्या, वकिलाच्या हाताखाली माणूस शिकतो, हे सगळ्यांना मान्य आहे. नर्सच्या बाबतीत मात्र डिग्री किंवा डिप्लोमा मिळाला की ती तयार झाली असं आपण धरून चालतो.

मदत म्हणजे नेमकं काय?

‘सहकारी चांगले असावेत’ हे वाक्य कुठल्याही ऑफिसला लागू पडतं. हॉस्पिटलमध्ये त्याचा अर्थ वेगळा होतो. दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं इन्सुलिनचं. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० वालीचं टोपण लाल, १०० वालीचं नारिंगी. आता १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज असा घोटाळा झाला आणि नर्सने १० च्या खुणेपर्यंत औषध भरलं, तर पेशंटला १० ऐवजी २५ युनिट जातात. साखर धाडकन खाली येते. पेशंट झोपलेला असेल तर पटकन कळतही नाही.

हे टाळायला महागडं यंत्र लागत नाही. ‘ताई, एकदा बघता का?’ असं विचारलं आणि समोरची ‘दाखव’ म्हणाली, की झालं. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराईड अशी जोखमीची औषधं दोघींनी तपासून द्यावीत असा संकेत त्यासाठीच आहे. पोटॅशियम क्लोराईड तर पातळ न करता थेट शिरेत दिलं की हृदय बंद पडू शकतं.

पण विचारल्यावर ‘एवढंही येत नाही? कॉलेजात काय शिकलीस?’ असं उत्तर मिळालं, तेही पेशंटसमोर, तर ती मुलगी पुढच्या वेळी विचारेल का?

दुसरं उदाहरण बाळंतपणाचं, आणि ते झरीसारख्या केंद्राला जास्त लागू पडतं. बाळ झालं, पण गर्भाशय आकसत नाही आणि रक्त थांबत नाही. वेळीच उपचार झाले नाहीत तर काही तासांत बाईचा जीव जाऊ शकतो. अशा वेळी एकीने पोटावरून गर्भाशय चोळायचं असतं, दुसरीने शीर शोधून सलाईन आणि ऑक्सिटोसिन सुरू करायचं असतं, तिसऱ्याने १०८ ला फोन लावायचा असतो. शिवाय नुकत्याच जन्मलेल्या बाळाकडे बघणारं कुणीतरी हवं. ही सगळी कामं एकाच वेळची आहेत. नर्स कितीही हुशार असली तरी तिला हात दोनच.

म्हणजे हॉस्पिटलमधली साथ मन मोकळं करण्यापुरती नसते. ती औषधाच्या ट्रेसारखी, ऑक्सिजनच्या सिलेंडरसारखी कामाची वस्तू असते. नसेल तर पेशंटला धोका असतो.

जास्त चुका सांगणारी टीम चांगली की वाईट?

यावर एक गाजलेला अभ्यास आहे. हार्वर्डमध्ये संशोधन करणाऱ्या एमी एडमंडसन यांना तपासायचं होतं की चांगल्या टीमच्या हातून औषधांच्या चुका कमी होतात का. उत्तर ‘हो’ येईल असं वाटत होतं. आकडे उलटे आले. जिथे नर्सेसचं आपसात चांगलं जमत होतं, जिथली प्रमुख नर्स समजूतदार होती, त्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त होती.

मग लक्षात आलं की या वॉर्डांत चुका जास्त होत नव्हत्या. त्या जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत लोक गप्प बसत होते, कारण बोललं की अंगाशी येणार हे त्यांना ठाऊक होतं. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला.

चूक लवकर कळली तर बहुतेक वेळा ती सावरता येते. डोस चुकलाय हे दहा मिनिटांत समजलं तर डॉक्टरला बोलावता येतं, पेशंटवर नजर ठेवता येते. दोन तासांनी समजलं तर उशीर झालेला असतो. त्यामुळे ज्या वॉर्डात नवीन मुलगी ‘माझ्याकडून चुकलं’ असं इन्चार्ज सिस्टरला सांगू शकते, तो वॉर्ड पेशंटसाठीही जास्त सुरक्षित असतो.

तुमच्या घरचं कुणी ॲडमिट असेल, तर नर्सेस एकमेकींशी कशा बोलतात याकडे जरूर लक्ष द्या. त्याचा तुमच्या माणसाच्या तब्येतीशी थेट संबंध आहे.

मग सीनियर अशा का वागतात?

सगळ्या तशा वागत नाहीत, हे आधी सांगायला हवं. अनेक नर्सेसना विचारलं तर त्या पहिल्या इन्चार्जचं नाव कौतुकाने घेतात. तिने शीर शोधायला कसं शिकवलं, ओव्हर देताना काय सांगायचं आणि काय लिहून ठेवायचं ते कसं दाखवलं, हे त्यांना वीस वर्षांनंतरही आठवतं.

पण दुसरा अनुभवही तेवढाच खरा आहे. १९८६ मध्ये ज्युडिथ मिसनर या अमेरिकन नर्सने आपल्याच पेशातल्या लोकांना विचारलं होतं की आपणच आपली पिल्लं खातोय का. आपल्याकडे यासाठी ओळखीची उपमा सासू-सुनेची आहे. ‘आम्ही सोसलं, आता तुम्ही सोसा.’ नव्या मुलीला सगळ्यात जास्त नाईट, सणाच्या दिवशी ड्युटी, सुट्टी मागितली की टोमणा. आणि वर ‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ हा सल्ला.

पोहण्याच्या बाबतीत ते खरं असेलही. पण इथे पाण्यात ती एकटी नसते, तिच्या हातात पेशंटही असतो.

तरीही सारा दोष सीनियरवर टाकणं सोपं आणि चुकीचं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक. त्याशिवाय रजा आणि सुट्ट्यांसाठी ३० टक्के जास्तीची माणसं धरायची असतात. आता तुम्ही शेवटचे सरकारी वॉर्डात गेला होतात तेव्हा काय दिसलं ते आठवा. एका नर्समागे किती खाटा होत्या? आणि खाटांखाली, व्हरांड्यात गाद्या टाकलेले पेशंट त्यात धरायचे की नाही?

जिला स्वतःच्या पेशंटना औषधं द्यायला वेळ पुरत नाही, ती दुसरीला शिकवायला वेळ कुठून आणणार? नवी मुलगी तिला मदत वाटत नाही, आणखी एक काम वाटतं. चिडचिड तिथून येते.

लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्वेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत एका नर्सवर एक पेशंट वाढला, की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. नर्स थकून, करपून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पेशंटचा जीव आणि नर्सची दमछाक हे वेगवेगळे विषय नाहीत, हे त्यातून जगासमोर आलं.

नांदेड आठवतंय?

परभणीच्या शेजारीच नांदेड. तिथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ दरम्यानच्या २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. देशभर बातमी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा प्रश्न पुन्हा समोर आला.

मराठवाड्यात ही रुग्णालयं अनेक जिल्ह्यांचा भार उचलतात. परभणीतला गंभीर पेशंट नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवला जातो. २०२३ पासून परभणीतही शंभर जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. हे चांगलंच झालं. पण मेडिकल कॉलेज म्हणजे जास्त पेशंट, जास्त गुंतागुंतीच्या केसेस आणि त्यासाठी जास्त नर्सेस. त्यांतल्या बऱ्याच नव्या असणार. त्यांना शिकवणाऱ्या जुन्या किती?

हाच प्रश्न देशाच्या पातळीवर आहे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या मेडिकल कॉलेजांना जोडून १५७ नर्सिंग कॉलेजं उघडण्याची घोषणा झाली. जगात नर्सेस कमी आहेत, त्यामुळे मागणी आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख नर्सेस होत्या आणि ५८ लाख कमी पडत होत्या.

आपण जागा वाढवतोय, कॉलेजं वाढवतोय. पण कॉलेज आणि सरावलेली नर्स यांच्या मधलं जे पहिलं वर्ष असतं, त्याची योजना कुणाच्या कागदावर ठळकपणे दिसत नाही.

कंत्राटी नोकरीचा इथे काय संबंध?

बराच संबंध आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात काम करणाऱ्या नर्सेसचा करार साधारण अकरा महिन्यांचा असतो. मग खंड, मग नवा करार. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिकांनी संप केला, तो खासगी एजन्सीमार्फत नर्सेस भरण्याच्या निर्णयाविरुद्ध. २०२५ च्या संपातही कंत्राटी भरतीला विरोध होताच.

सहकाऱ्यांच्या नात्याच्या बाजूने याकडे बघा. जी मुलगी वर्षभरात जाणार हे माहीत आहे, तिच्यावर सीनियर किती मेहनत घेईल? जिला आपला करार पुढे वाढेल की नाही याची खात्री नाही, ती ‘माझ्याकडून चुकलं’ असं कबूल करेल का? एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, तेच काम करणाऱ्या दोघींच्या पगारात मोठी तफावत असेल, तर त्या एकमेकींकडे कशा बघतील?

साथ द्यायला माणसं टिकावी लागतात. दर अकरा महिन्यांनी पत्ते पिसल्यावर टीम तयार होत नाही.

आणि काही घडलं की?

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. त्यांतली १० गेली, ७ वाचली. पुढे निलंबनं झाली, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली, दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात एका महिला डॉक्टरसह तीन परिचारिकांना अटक झाली. त्याविरोधात परिचारिका रस्त्यावर उतरल्या.

कोण दोषी आणि किती, हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे. निष्काळजीपणा झाला असेल तर शिक्षा व्हायलाच हवी, कारण बाळं गेली, माणसं गेली. पण या बातम्या नव्या नर्सेसपर्यंत कशा पोचल्या असतील याचा विचार करा. ‘काही झालं तर आधी आपण.’ हा धडा एकदा मनात बसला की माणूस सावध होतो, पण लपवायलाही शिकतो. आणि चुका लपल्या की काय होतं, ते आपण वर पाहिलं.

म्हणून सहकाऱ्यांनी पाठीशी उभं राहणं म्हणजे चुकीवर पांघरूण घालणं नव्हे, हेही स्पष्ट व्हायला हवं. ‘तू सांग, मी सोबत येते’ हे पाठीशी उभं राहणं. ‘राहू दे, नोंद करू नकोस’ हे नव्हे. दुसऱ्या वाक्याने त्या रात्रीपुरतं बरं वाटतं आणि पुढचा पेशंट धोक्यात येतो.

‘ती आपल्यातली आहे’

महाराष्ट्रात नर्सेसनी एकमेकींना दिलेल्या साथीचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातलं आहे.

अरुणा शानबाग ही कर्नाटकातल्या हळदीपूरहून आलेली पंचविशीतली नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेलेली असताना रुग्णालयाच्याच सफाई कर्मचाऱ्याने तिच्यावर हल्ला केला. मेंदूला गंभीर इजा झाली. ती पुन्हा कधीच उठली नाही. १८ मे २०१५ ला तिचा मृत्यू झाला. मधली जवळपास ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं. भरवलं, अंघोळ घातली, कूस बदलली. तिला हलवण्याचे प्रयत्न झाले तेव्हा त्यांनी विरोध केला.

२००९ मध्ये तिच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात आला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे असं मानलं. त्या निकालपत्रात रुग्णालयाच्या वतीने सांगितलेली एक गोष्ट नोंदलेली आहे. केईएममध्ये नवी विद्यार्थिनी नर्स आली की तिला अरुणाकडे नेलं जायचं आणि सांगितलं जायचं की ही आपल्यातली होती आणि अजूनही आपल्यातलीच आहे.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला कामाच्या सुरुवातीलाच कळायचं की इथे एकमेकींना सोडून देत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या बाईला दशकानुदशकं जखम होऊ न देणं हे नर्सिंगमधलं अवघड काम आहे, तेही ती तिथेच शिकायची.

पण ही गोष्ट फक्त हळवं होऊन वाचली तर तिचा अर्धा भाग सुटतो. अरुणावर हल्ला झाला तेव्हा ती एकटी होती. नर्सेसना कपडे बदलायला सुरक्षित जागा नव्हती. त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेसनी संप केला तो सुरक्षिततेसाठी. पन्नास वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरचा बलात्कार करून खून झाला. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमताना दिलेल्या आदेशात पुन्हा अरुणा शानबागचा उल्लेख आला.

सहकारी कितीही मायेच्या असल्या तरी बंद न होणारं दार, अंधारा व्हरांडा आणि रिकामं पद त्या भरून काढू शकत नाहीत. माया त्यांनी द्यायची, व्यवस्था सरकारने आणि रुग्णालयाने.

काय करता येईल?

बाहेर काही ठिकाणी यासाठी रीतसर पद्धती आहेत. ब्रिटनमध्ये नव्या नर्ससोबत एक अनुभवी नर्स नेमून देतात. स्कॉटलंडने २००६ पासून पहिल्या वर्षासाठी वेगळा कार्यक्रम चालवला. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत नव्या नर्ससाठी वर्षभराची रेसिडेन्सी असते, डॉक्टरांसारखी.

आपल्याकडे हे सगळं एकदम जमणार नाही. पण काही गोष्टींना फारसे पैसे लागत नाहीत.

एक, नव्या नर्सला पहिले तीन महिने एकटीची नाईट लावू नये. ड्युटी लिस्ट बनवताना पाळायची ही गोष्ट आहे.

दोन, तिला विचारायचं कुणाला, हे नाव लिहून द्यावं. ‘सगळ्यांना विचार’ म्हटलं की कुणालाच विचारता येत नाही. आणि जी सीनियर हे काम करेल तिच्या वाट्याचे दोन-चार पेशंट कमी करावेत, तिच्या कामाच्या मूल्यांकनात हे धरावं. फुकटचं काम कायम मागे पडतं.

तीन, ओव्हर पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून व्हावा आणि त्याला पंधरा मिनिटं मिळावीत. पळता पळता दिलेल्या ओव्हरमध्ये नेमकी महत्त्वाची गोष्ट राहते.

चार, आरोग्य केंद्रात मनुष्यबळ वाढेपर्यंत निदान एक फोन नंबर हवा. रात्री दोन वाजता लावला तरी जिल्ह्याच्या लेबर रूममधली अनुभवी सिस्टर ‘काय दिसतंय सांग’ म्हणेल असा. त्यासाठी तिथेही माणूस मोकळा हवा, म्हणजे पुन्हा पदं भरण्यापाशीच येतो.

पाच, चूक सांगणाऱ्याला पहिला प्रश्न ‘पेशंट कसा आहे?’ असा विचारला जावा. ‘कुणी केलं?’ हा त्यानंतरचा.

यातली पहिली, तिसरी आणि पाचवी गोष्ट एखादी इन्चार्ज सिस्टर उद्यापासून करू शकते. दुसरी आणि चौथी तिच्या हातात नाही. ती रिक्त पदांच्या फायलीत अडकलेली आहे. म्हणूनच आझाद मैदानावरच्या मागण्या फक्त पगाराच्या नव्हत्या.

आणि आपण, म्हणजे पेशंटचे नातेवाईक? रात्रीच्या वॉर्डात एकटी पळणारी मुलगी दिसली तर तिच्यावर आवाज चढवण्याआधी तिच्याकडे किती पेशंट आहेत हे मोजा. मग आवाज चढवायचाच असेल तर तो योग्य ठिकाणी चढवा. ग्रामसभेत, जिल्हा परिषद सदस्यापुढे, आमदारापुढे. ‘आमच्या केंद्रात रात्री किती नर्सेस असतात?’ हा प्रश्न झरीचा कुणीही माणूस विचारू शकतो. रस्त्याचा विचारतो, पाण्याचा विचारतो, तसाच.

त्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन’ असं आलं, तर आपल्या त्या मुलीला पहिल्या रात्री ‘ताई, एकदा बघता का?’ असं विचारायला कुणीतरी असेल. बाळंतपणाला आलेल्या बाईसाठीही तेच महत्त्वाचं आहे.